गोठ्यातली जीप

दहावीचा निकाल लागला त्या दिवशी पेढे वाटून झाल्यावर पुतण्या माझ्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "मोठे पप्पा, जीपची चावी कुठं असते?"

चावी कुठं असते हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. देवळीत, कंदिलाच्या मागं. त्याला चावी नको होती, माझा होकार पाहिजे होता. हे २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटचं. पोराला सोळावं सरत आलेलं, ओठावर मिसरूड, आणि अकरावीला कन्नडला जायचं.

जीप गोठ्यात उभी असते. एका बाजूला दोन म्हशी, दुसऱ्या बाजूला कडब्याची गंज, मधी ही. वर ताडपत्री, मागच्या बाकड्याखाली कोंबडी अंडी घालते. वर्षातून दोनतीनदा बॅटरी जोडून मी ती सुरू करतो, वावरातून एक चक्कर मारतो आणि परत जाग्यावर लावतो. भंगारवाला दरसाल येऊन भाव सांगून जातो.

धाकट्यानं, म्हणजे पोराच्या बापानं, त्याची बाजू मांडली. "भाऊ, कॉलेज चौदा किलोमीटर. सकाळची यस्टी पावणेसातला, माघारची दुपारी दीडला, ती बी आली तर. गावातली पोरं मोटरसायकली घेऊन ऐंशीनं पळतात. हे लोखंडाचं ढोर साठच्या वर जात न्हाई. पोरगं चार चाकावर असलेलं बरं का दोन चाकावर?"

भावजय चुलीपुढून म्हणाली, "पुण्याचं टीव्हीवर पाह्यलं न्हाई का? पोरीनं बारावीपर्यंत यस्टीनंच केलं ना? ह्याला काय धाड भरली?" पोरीला अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास होता, बाराव्या वर्गापर्यंत तिनं एसटी सोडली नाही. पण पोराचं आणि पोरीचं माप घरात वेगळं असतं, हे तिला माहीत होतं आणि तिनं ते मुद्दाम ऐकू येईल असं म्हटलं.

मग सगळे माझ्याकडं पाहायला लागले. कारण ह्या घरात सोळाव्या वर्षी जीप चालवलेला मी, आणि जीप उलटी केलेलाही मी एकटाच.

उत्तर द्यायच्या आधी ती गाडी आमच्या गोठ्यात आली कशी, तिथपासून सांगावं लागेल.

आबा, माझे आजोबा, सांगायचे की त्यांनी पहिली जीप पाहिली ती पोलीस ॲक्शनच्या वेळी, १९४८ च्या सप्टेंबरात. तोवर आमचा मुलूख निजामाचा. निजाम स्टेट रेल्वेनं १९३२ साली सत्तावीस बसगाड्यांवर रस्त्याची वाहतूक सुरू केली होती, पण ती मोठ्या सडकांवर. आमच्या बाजूला बैलगाडी, घोडं आणि पाय. आबा औरंगाबादच्या सडकेला बैलजोडी घेऊन चालले होते तेव्हा समोरून हिरवी, बिनटपाची, नाकाड मोटर आली आणि सडक सोडून सरळ वावरातून निघून गेली. आबांना मोटरीचं नवल नव्हतं, ती सडक सोडून चालली ह्याचं नवल होतं. "मोटरीला सडक लागत न्हाई हे त्या दिवशी कळलं," असं ते मरेपर्यंत सांगत.

ती गाडी मुळात लढाईसाठीच बनलेली. अमेरिकेच्या सैन्याला हलकी, चारही चाकांना जोर असलेली गाडी पाहिजे होती, आणि १९४१ पासून विलिस कंपनीनं आणि पुढं फोर्डनंही तशा लाखो गाड्या काढल्या. पुढच्या आणि मागच्या चाकात अंतर फक्त ऐंशी इंच. दार नाही, काच दुमडून बॉनेटवर टाकता येते. लढाई संपल्यावर विलिसनं तीच गाडी शेतकऱ्यांना विकायला काढली. नांगर ओढा, थ्रेशर फिरवा, बाजारला जा, अशा जाहिराती केल्या. आपल्याकडं महिंद्रांनी तिचे सुटे भाग आणून मुंबईत जोडायला सुरुवात केली. १९४५ मध्ये लुधियान्याला निघालेली ही कंपनी, आधी महिंद्रा अँड मोहम्मद. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. त्याच साली सैन्यासाठी परदेशातून जीप घेण्याचा व्यवहार गाजला आणि स्वतंत्र देशाच्या पहिल्या घोटाळ्याला नावही जीपचंच मिळालं.

आमच्या खेड्यापाड्यात मात्र जीप आली ती सरकार होऊन. २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास योजना सुरू झाली, ब्लॉक पडले. १९६० ला महाराष्ट्र झाला, १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, आणि गटविकास अधिकाऱ्याच्या बुडाखाली जीप आली. मग तहसीलदाराची, पाटबंधाऱ्याची, मलेरियावाल्यांची. गावात "जीप आली" म्हणजे साहेब आला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर धुराळा दिसला की मुकादम बायांना म्हणायचा, "हात चालवा, जीप आली." आणीबाणीत १९७६ ला नसबंदीची मोहीम निघाली, तेव्हा जीपचा आवाज आला की धट्टेकट्टे बाप्ये ज्वारीत जाऊन बसायचे. मी तेव्हा सहा वर्षांचा. आमचे बापूही एकदा दुपारभर ज्वारीत बसलेले मला आठवतात, आणि मायनं मला सांगून ठेवलं होतं की कोणी विचारलं तर म्हण, बाजारला गेले.

ज्या गाडीला भिऊन बापू ज्वारीत बसले, तीच गाडी त्यांनी तीन वर्षांनी विकत घेतली. १९७९ साली औरंगाबादला एका सरकारी खात्याच्या जुन्या गाड्यांचा हर्रास झाला. बापू मोसंबीची पट्टी घेऊन गेले होते. नऊ हजारात जीप घेऊन आले. आबा आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. नऊ हजारात तेव्हा चांगल्या बैलजोड्या किती आल्या असत्या, हा हिशेब आबांनी गावात प्रत्येकाला करून दाखवला.

गाडी ती उंच नाकाची. तिचं इंजिन विलिसच्या आधीच्या इंजिनापेक्षा उंच, म्हणून बॉनेट वर उचललेलं. सीजे थ्री बी म्हणतात त्या मॉडेलला. अमेरिकेत ते १९६८ ला बंद झालं, आपल्याकडं त्यापुढंही कितीतरी वर्षं निघत राहिलं. दोन हजार दोनशे सीसीचं पेट्रोल इंजिन, तीन गिअर, आणि गिअरच्या दांड्याजवळ आणखी दोन छोट्या दांड्या. एक पुढच्या चाकांना जोर द्यायची, दुसरी सावकाश पण बैलाच्या ताकदीनं चालवायची. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बैठकीच्या खाली. ही गोष्ट मला तेव्हा मजेची वाटायची. बसायची गादी उचलली की टाकीचं झाकण.

मी चौदाव्या वर्षी ती चालवायला शिकलो. शिकवलं शहरातल्या मिस्त्री चाचांनी, जे वर्षातून दोनदा येऊन आमच्याकडं मुक्काम करून गाडी नीट करत. पहिल्या गिअरला दात जुळवून घेणारी रचना नव्हती, म्हणून गाडी थांबल्याशिवाय पहिला टाकला की करकर आवाज व्हायचा. चाचा म्हणायचे, "बच्चे, गाडी रो रही है. सुन." त्यांनी मला कानानं चालवायला शिकवलं. काटा तर बंदच होता. इंजिन कधी दमतंय, कधी नुसतंच फिरतंय, टायर चिखलात धरतोय की घसरतोय, हे ढुंगणाला आणि कानाला कळतं. आजही नवी कार चालवताना मी गाणी लावत नाही, ते ह्याच्यामुळं.

मला ही गाडी मिळाली ती हौसेपायी नाही. बापूंना दम्याचा त्रास सुरू झाला होता. दुधाचे कॅन सडकेपर्यंत न्यायचे, खताची पोती आणायची, आणि पावसाळ्यात आमच्या पाणंदीत बैलगाडी कण्यापर्यंत रुतायची. काळ्या मातीचा चिखल ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको. चपलेला चिकटला की एका पायाचं वजन अडीच किलो.

१९८६ च्या श्रावणात एका रात्री शेजारच्या वस्तीवरच्या पोराला घोणस चावली. आठ वर्षांचं पोरगं. बापू धाप लागून खाटेवर. एसटी नाही, दुसरी मोटर गावात नाही. मी सोळा वर्षांचा. बापू नुसतं म्हणाले, "सावकाश ने. पळवू नको." मी दोन्ही दांड्या टाकल्या आणि पाणंदीतून बैलाच्या चालीनं गाडी काढली. मागं पोराची आई, तिच्या मांडीवर पोरगं, बाजूला त्याचा बाप. पाय सुजत चाललेला. दोन ओढे ओलांडले. सडकेला लागल्यावर मला पळवावंसं वाटलं, पण एकच दिवा लागत होता आणि पाऊस, म्हणून नाही पळवली. कन्नडच्या दवाखान्यात लस मिळाली. पोरगं वाचलं. आज त्याच्याकडं तीन एकर आलं आहे, अद्रक म्हणतो आम्ही, आणि दिवाळीला न चुकता पाया पडून जातो.

ह्या एका रात्रीनं माझं वाटोळं केलं म्हटलं तरी चालेल. गावात मी ड्रायव्हर झालो. लग्नाला, दवाखान्याला, बाजारला मलाच बोलावणं. लायसन कोणी विचारलं नाही. १९३९ चा मोटार वाहन कायदा तेव्हा लागू होता आणि त्यातही सार्वजनिक जागी गाडी चालवायला अठराच वर्षं पाहिजे होती. पण तो कायदा आमच्या पाणंदीपर्यंत कधी चिखल तुडवत आला नाही.

पुढच्या वर्षी, १९८७ चा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर. बैल न्हाऊन, शिंगं रंगवून, पुरणपोळी खाऊन मोकळे, आणि आम्ही पोरंही मोकळी. सहा जण गाडीत भरली. टप काढलेलं. दोघं मागच्या फळीवर बसले, एक पाठीमागं उभा राहून टपाचा पाइप धरून, आणि माझा जिवलग दोस्त माझ्या डाव्या बाजूला, पाय बाहेर सोडून. अंजना नदीकडच्या ओढ्याला पाणी होतं. मी मुद्दाम जोरात घातली, पाणी दोन्ही बाजूंनी उडावं म्हणून. उडालं. पोरं ओरडली. मी फिरवून परत घातली. तिसऱ्यांदा पलीकडं काढली आणि उताराला लागलो.

उताराच्या शेवटी वळण होतं, बांधाला धरून. मी ब्रेक दाबला तर पाय खाली गेला आणि गाडीनं एकाएकी उजवीकडं ओढ घेतली. नंतर चाचांनी समजावलं. जुन्या जीपच्या ब्रेकचे ड्रम पाण्यात भिजले की आतले पट्टे धरत नाहीत, आणि चारही एकसारखे वाळत नाहीत. ज्या बाजूचा आधी धरेल तिकडं गाडी ओढते. पाण्यातून निघाल्यावर शंभर पावलं हलका ब्रेक दाबून ठेवत चालवायची, ड्रम गरम होऊन वाळतात. हे त्यांनी मला आधीही सांगितलं होतं. साप चावलेल्या पोराला नेताना मी तसं केलंही होतं. करीच्या दिवशी नाही केलं.

मी घाबरून स्टेअरिंग डावीकडं मारलं. त्या स्टेअरिंगमध्ये चार बोटांची ढिलाई, आधी काही होत नाही आणि मग सगळं एकदम होतं. बांधाच्या दगडांनी गाडीचं बूड मागून बाहेर फेकलं, गाडी आडवी झाली आणि बांधावरून कपाशीत डाव्या कुशीवर पडली. वेग फार तर तीसचा असेल. बैलगाडी पडावी तशी सावकाश पडली, असं मला अजून आठवतं. मागचे तिघं उडून चिखलात पडले, त्यांना खरचटलं नाही. दोस्ताचा डावा हात बाहेर होता. कोपर खाली आलं.

त्याला औरंगाबादला घाटीत दोन महिने ठेवलं. हात वाचला, पण कोपर एका कोनात कायमचं धरलं. त्याच्या बापाला फौजेत पाठवायचा होता. बापूंनी मोसंबीच्या बागेतला एक तुकडा विकून खर्च केला. पोलीस केस झाली नाही. दवाखान्यात दोन्ही घरच्यांनी सांगितलं, झाडावरून पडला. गावोगावची अशी किती झाडं सरकारी कागदात उभी असतील, देव जाणे.

लोक म्हणाले, वेग नव्हता तरी कशी पडली? मला ते बरीच वर्षं कळलं नव्हतं. कळलं ते कडब्याच्या गाडीवरून. बैलगाडीत पोती भरली तर ती कशाही बांधावरून जाते. तिच्यावर पुरुषभर कडबा रचला की एक चाक गोट्यावर चढताच कलते. चाकांची रुंदी तीच, वजन वर गेलेलं. जीपच्या दोन चाकांमधली रुंदी चार फुटांच्या आसपास, म्हणजे अर्धी दोन फूट. आणि पोटाखालून दगड जावेत म्हणून सगळा सांगाडा उचललेला, त्यामुळं वजनाचा मध्य साधारण तेवढ्याच उंचीवर. त्यात उभी पोरं आणि फळीवर बसलेली पोरं. आम्ही सहा जण म्हणजे तिच्यावरचा कडबाच होतो.

हे फक्त आमच्या पाणंदीतलं नाही. अमेरिकेत जीपचंच पुढचं मॉडेल, सीजे फाइव्ह, वळणावर उलटतं हे १९८० साली टीव्हीवर चाचणी करून दाखवलं गेलं आणि मोठा गहजब झाला. मग सुझुकीची सामुराय आली, १९८५ च्या सुमाराला. छोटी, स्वस्त, दिसायला खेळण्यासारखी, तरुण पोरापोरींनी उचलली. १९८८ मध्ये तिथल्या ग्राहकांच्या एका संस्थेनं चाचणीत ती सहज कलते असं सांगून नापास केली. सुझुकीनं चाचणीच खोटी म्हणून दावा लावला. तो दावा २००४ साली तडजोडीनं मिटला. ती संस्था बरोबर की कंपनी, हा वाद जाणकारांत अजून चालतो. सामुराय म्हणजे आपल्या मारुती जिप्सीची सख्खी चुलत बहीण. जिप्सी आपल्याकडं १९८५ च्या डिसेंबरात आली, साडेनऊशे-हजार सीसीची, आणि पुढं १९९३ मध्ये तिची चाकं थोडी रुंद केली गेली. त्या रुंदीचं मोल कपाशीत पडलेल्या माणसाला विचारा.

न्यूझीलंड हा शेतकऱ्यांचा देश. तिथं पंधराव्या वर्षी पोरं गाडी चालवायची. आमची जीप पडली त्याच १९८७ साली त्यांनी कायदा बदलला. लायसन टप्प्याटप्प्यानं द्यायचं, आणि मधल्या टप्प्यात रात्री उशिरा चालवायचं नाही, सोबत दोस्त घ्यायचे नाहीत. पोरगं एकटं असलं किंवा बाप शेजारी असला तर बरं चालवतं, दोस्त भरले की बिघडतं, हे त्यांनी ओळखलं होतं. हे मी वाचलं तेव्हा वर्तमानपत्र खाली ठेवून उठून गेलो. साप चावलेल्या पोराला नेणारा मी आणि करीच्या दिवशीचा मी, दोघांत एका वर्षाचं अंतर. गाडी तीच, ओढाही तोच. फरक फक्त मागं कोण बसलं होतं एवढाच.

आता धाकट्याचा मुद्दा. मोटरसायकलपेक्षा जीप बरी. हा मुद्दा मी उडवून लावत नाही. आमच्या तालुक्यात दर पंधरा दिवसाला एखादं पोरगं मोटरसायकलवरून जातं, हे डोळ्यानं पाहतोय. पण जीप लोखंडाची म्हणून भक्कम, ही समजूत चूक आहे. तिला पट्टा नाही, हवेची पिशवी नाही, डोक्यावर आधार नाही. ब्रेकच्या तेलाची नळी एकच. कुठंही फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. धडक झाली तर पत्रा वाकत नाही हे खरं, पण मग तो झटका माणसाच्या छातीत येतो, आणि स्टेअरिंगचा दांडा सरळ समोर. आमच्या गाडीत तर १९९१ साली पेट्रोल परवडेना म्हणून मॅटॅडोरचं डिझेल इंजिन बसवलं. नाकावर आणखी ओझं, ब्रेक मात्र जुनेच.

आणि सडक बदलली. माझ्या वेळी कन्नडपर्यंत दोन ट्रक आणि चार बैलगाड्या भेटायच्या. आता कन्नडला सोलापूर-धुळे हमरस्ता लागतो. औट्रम घाटाकडं जाणारे कंटेनर, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मक्याचे ट्रक. त्यांच्यात चाळीसनं चालणारी, दिवे मिणमिणणारी गाडी हीच अडचण होते. सावकाश चालणं पाणंदीत चांगलं. हमरस्त्यावर मागच्याला ते आधी दिसायला पाहिजे.

पुतण्याला हे सगळं सांगितलं तर त्यानं मोबाईलवर एक थार दाखवली. "मोठे पप्पा, ही पण जीपच ना? हिला चार तारे आहेत." खरं आहे, २०२० च्या थारला धडक चाचणीत चार तारे मिळाले. मी म्हटलं, ती आणि आपली ही, दोघींचं आडनाव एक, बाकी काही नाही. त्याला ते पटलं नाही. रीलमधली पोरंही दारात उभी राहूनच थार चालवतात, तारे कितीही असोत.

कायद्याचं भावजयीनं टीव्हीवर ऐकलं होतं, ते मी धाकट्याला नीट सांगितलं. १९ मेला पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण इंजिनिअर मोटारीच्या धडकेत गेले आणि गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता असा आरोप झाला. जामिनाला तीनशे शब्दांच्या निबंधाची अट घातली म्हणून देशभर ओरड झाली. मीही ओरडलो. आणि मग लक्षात आलं, माझ्यावर तर निबंधाचीही अट कोणी घातली नव्हती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोरानं गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द, आणि पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. गाडी बापूंच्या नावची माझ्या नावावर झालेली आहे. म्हणजे आत जाणार मी. धाकटा हसला, पण त्यानंतर मोटरसायकलचा मुद्दा त्यानं काढला नाही. गाडीचं पासिंगही संपलेलं. २०२२ पासून जुन्या गाडीची फेरनोंदणी पाच हजारांवर गेली, तेव्हापासून मी टाळतोय.

तरीही मला सरळ नाही म्हणता येईना. कारण ज्या पोरानं कानानं गाडी शिकली त्याला पुढं कोणतीही गाडी फसवत नाही, असं मला वाटतं. आणि कारण दुसरंही. रात्री-अपरात्री कोणाला काही चावलं तर? १०८ ची ॲम्ब्युलन्स आता सडकेपर्यंत येते. पाणंद मात्र अजून तशीच आहे, मोजणी होऊन दोनदा मंजूर झाली आणि कागदावर खडी पडली.

मी दोस्ताला विचारायला गेलो. त्याची पिठाची गिरणी आहे. धरलेल्या हातानं तो पाटी अडवतो आणि उजव्यानं दळण ओततो. सदतीस वर्षांत त्या हातासाठी त्यानं प्रत्येक कामाची एक रीत बसवली आहे. पट्टा बंद केल्यावर म्हटलं, असं असं आहे, पोरगं जीप मागतंय, तुला काय वाटतं?

तो पीठ झटकत म्हणाला, "मला काय विचारतो? मी त्या दिवशी तुला म्हणलो होतो, अजून एकदा पाण्यात घाल."

मला हे आठवत नव्हतं. सदतीस वर्षं मला वाटत होतं की तिसऱ्यांदा मीच घातली.

"तू म्हणला होतास?"

"म्हणजे? मीच म्हणलो. बाकीचे बी म्हणले असतील." मग थोडं थांबून, "पोराला शिकव. पण एकट्याला. दुसरं कोणी गाडीत बसलं की चावी काढून घे. आणि मी येतो शेजारी बसायला. माझा हात पाहील तर पळवायचा न्हाई."

असं ठरलं. पुतण्या कन्नडला एसटीनं जातो, सकाळची पावणेसातची. रविवारी आमच्याच वावरात, मक्याच्या कापणीनंतर रिकाम्या झालेल्या पट्ट्यात, जीप चालवतो. पाणंदीत नाही. पाणंद ही कायद्यानं सार्वजनिक जागा आहे, लोकांचा येण्याजाण्याचा हक्क तिथं आहे, हे मी वकिलाला विचारून घेतलं. वावर आपलं. पहिल्या महिन्यात तर मी त्याला किल्ली लावूच दिली नाही. ब्रेकचे चारही ड्रम त्याच्याकडून उघडून घेतले. आतली माती, झिजलेले पट्टे, एका चाकातून गळणारं तेल, सगळं त्यानं स्वतःच्या हातानं पाहिलं. नवी नळी आणि पट्टे आणायला औरंगाबादला, आता संभाजीनगर म्हणायचं, दोन चकरा झाल्या. मिस्त्री चाचा राहिले नाहीत, त्यांचा नातू वाळूजला कंपनीत आहे, पण त्यानं फोनवर दुकान सांगितलं.

पोराचा उत्साह ह्यात निम्मा आटला, हे कबूल करतो. कपडे तेलकट होतात म्हणून तो कुरकुरतो. परवा मात्र विहिरीच्या पाटातून गाडी काढल्यावर त्यानं न सांगता ब्रेकवर पाय हलका ठेवला आणि तसाच पट्ट्याच्या टोकापर्यंत आला. दोस्त शेजारी बसला होता, धरलेला हात मांडीवर ठेवून. तो काही बोलला नाही. उतरताना फक्त म्हणाला, "पहिला टाकताना अजून रडती गाडी. अजून शिकव त्याला."

कोंबडीनं मात्र जागा बदलली. आता ती कडब्याच्या गंजीत अंडी घालते.